उसवणारी, शिवणारी आणि आमचे सर

ये, अशी जवळ सरक. मोबाईल पालथा घाल आणि आधी माझी बोलणी खा, मग पुढचं वाच. गेल्या महिन्यात फोनवर काय म्हणालीस तू? "मावशी, तुमच्याकडं ते किडेवाले भाडेकरू होते ना, जरा वेडे?" वेडे म्हणे. दोन उन्हाळे त्यांच्या ओट्यावर पालथी पडून भिंगातून नाकतोड्याच्या तंगड्या बघितल्यास. जेवायला हाका मारून मारून माझा घसा बसायचा. आणि पुण्यात चार पावसाळे काढले नाहीत तोवर माणूस वेडा झाला होय गं?

वेडे होते. नाही असं मी म्हणत नाही. पण ते म्हणायचा मान माझा. अकरा वर्षं त्यांचा चहा मी केलाय. तू आपली ऐक.

सर आमच्याकडं खोली बघायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून नुकतेच रिटायर झालेले. बायको आधीच गेलेली, लेक माजलगावला दिलेली. तुझे काका त्यांना समोरच्या दोन खोल्या दाखवायला कुलूप काढत होते, तर हे परसातल्या लिंबाखाली गुडघ्यावर बसलेले. मला वाटलं, चक्कर आली का काय. पाण्याचा तांब्या घेऊन धावत गेले. तर खोडावरनं काहीतरी वाळकं, पारदर्शक उचलून तळहातावर ठेवलेलं, आणि त्याच्याकडं लेकराकडं बघावं तसं बघत बसलेले.

"नाकतोड्याची कात आहे," म्हणाले. "नखासकट अख्खी निघालीये. खोली पसंत आहे."

खोलीचं दार अजून उघडलं नव्हतं. पाणी किती वेळ येतं, लाईट किती वेळ जाते, काही विचारलं नाही. तुझ्या काकांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. बाईमाणसांच्या घरात असला माणूस ठेवावा का, असं आमच्या दोघांच्याही मनात आलं. पण तोवर ते सामान आणायला निघून गेले होते.

सामान म्हणजे काय, तर एक ट्रंक, एक कॉट, आणि पेढ्याचे रिकामे डबे. हसू नको. साठ-सत्तर असतील. कुणाचा पोरगा पास झाला, कुणाची बढती झाली, कुणाला नात झाली की सरांकडं पेढे यायचे. पेढे गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायचे आणि डबा ठेवून घ्यायचे. आत कापूस अंथरायचा, त्यावर काती मांडायच्या. झुरळाच्या, टोळाच्या, कोळ्याच्या, विंचवाच्या. डब्यावर बारीक अक्षरात चिठ्ठी. पण चिठ्ठी डब्याच्या बुडाला लावायचे, कारण झाकणावर मिठाईवाल्याचं नाव असतं आणि त्याचा अपमान होतो म्हणे.

त्यानं काय झालं ते तुला ठाऊक नाही, तू तेव्हा लहान होतीस. भाऊजींच्या थोरलीला बघायला पाहुणे आले होते. माझी जाऊ तशी भारी उरकाची, पण घाईची. सर म्हणाले होते, "आमच्या खोलीत पेढे आहेत, लागले तर न्या." ती गेली, खिडकीतला डबा उचलला, आणि पदर सावरत तसाच नेऊन मुलाच्या बापापुढं ठेवला. त्या माणसानं झाकण काढलं. आत एकाच विंचवाच्या सहा काती, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीत बसवलेल्या, नांग्या वर करून.

बैठकीत कुणी हललं नाही. पाहुण्याचा हात तसाच अधांतरी. तेवढ्यात आमचे सर दारातून आत आले, पाहुण्याच्या शेजारी मांडी घालून बसले, आणि सांगायला लागले, "घाबरू नका. हा विंचू नाही. हे विंचवाचे लहानपणापासूनचे कपडे आहेत."

वर म्हणाले, "उजवीकडचा शेवटचा जपून हं, ताजा आहे."

लग्न जमलं, ते मुलीच्या नशिबानं. पण ते व्याही आजही आमच्याकडं आले की पुढ्यातला कुठलाही डबा आधी कानाजवळ नेऊन हलवतात, मग उघडतात.

सरांना एका गोष्टीचं फार कौतुक होतं. ती म्हणजे कायटिन. हा शब्द मी आता फाडकन म्हणते, पण पहिलं वर्षभर मला तो औषधाच्या दुकानातला वाटायचा. किड्यांना आपल्यासारखी आत हाडं नसतात. त्यांचं वरचं कवचच त्यांचं हाड. ते कवच ज्या धाग्याचं बनतं तो हा कायटिन. झुरळाच्या पाठीत तोच, भुंग्याच्या पंखात तोच, आणि ऐक, सुकटीच्या सालातही तोच. हे मला पाटोद्याच्या आठवडी बाजारात, सुकटवालीच्या समोर, तिच्या ढिगातली एक सुकट चिमटीत धरून सांगितलं.

"ताई, ही आणि तुमच्या मोरीतलं झुरळ, दोघांचं कापड एकाच मागावरचं."

सुकटवालीनं त्यांच्या हातातली सुकट काढून घेतली. "काका, तुमी जरा पुढं व्हा. गिऱ्हाईक उभं हाय." पुढचा दीड महिना मला सुकट घशाखाली उतरली नाही, आणि तुझ्या काकांना तर मी कारणही सांगितलं नाही. ते आपले म्हणायचे, "कावून बंद केलीस?"

तर ते कवच एकदा कडक झालं की ताणत नाही. आतला जीव वाढला की कवच फुटायलाच पाहिजे, नाहीतर जीव आत गुदमरतो. म्हणून कात. सरांनी हा नियम माणसांनाही लावून टाकलेला. ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचा निकाल द्यायचे. "हे पुढारी दुसऱ्या कातीत अडकलेत, पुढं वाढ नाही." "हेडमास्तरांची चौथी झाली, आता मऊ आहेत, आत्ताच काय ते मागून घ्या." एकदा मी भाजी निवडता निवडता म्हटलं, "आणि तुमची कितवी सर?"

"मी पूर्ण वाढलेला आहे," म्हणाले. "पूर्ण वाढलेला कीटक कात टाकत नाही."

ते खरंच होतं म्हण. विटकरी चौकड्यांचा एक शर्ट. नोकरीत असताना शिवलेला. संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. लेकीनं नवे पाठवले की ट्रंकेत. "कावून घालत न्हाई?" विचारलं की म्हणायचे, "हा अजून बसतोय." तेच बोलण्याचं. आपलं चुकलं हा शब्द त्यांच्या तोंडात बसतच नव्हता. म्हणाले पाऊस येणार आणि नाही आला, तर पावसाचं गणित चुकलं. एकदा चहात साखरेऐवजी चमचाभर मीठ घातलं, मी समोर बघतेय. पहिल्या घोटाला तोंड वाकडं झालं. मी म्हटलं, "सर, मीठ पडलं वाटतं." कप शेवटपर्यंत प्यायले. "असाच घ्यायचा होता," म्हणाले.

आता मुद्द्यावर येते. तू म्हणशील मावशीचा मुद्दा बैलगाडीनं येतो.

आमच्या अंगणात सरांनी एकदा शेतकऱ्यांना जमवलं. रेशीम करा, तुती लावा, हे सांगायला. फळा आणला, खडू आणला. कात कशी पडते ते समजावायला लागले आणि दहा मिनिटांत निम्मा गाव पेंगायला लागला. असलं एन्झाइम, तसलं एन्झाइम, एक तोडतं, एक जोडतं. मी ओट्यावर गोधडी घेऊन बसले होते. जुनी उसवत होते, आत चांगलं निघालेलं कापड बाजूला काढत होते, नवीला लावायला. सरांची तगमग बघवेना. मी बसल्या जागेवरनं म्हटलं, "सर, आसं सांगा ना. अळीच्या अंगात दोन बाया हायेत. एक जुनी गोधडी आतून उसवती, एक खाली नवी शिवती. उसवलेल्यातलं चांगलं कापड शिवणारी नव्याला वापरती. दोघींचा मेळ बसला तर अळी जुन्यातून निघती, न्हाई बसला तर मरती."

पेंगणारे उठून बसले. सर खडू हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता दुरुस्ती करणार. तर फळ्यावरचं सगळं पुसलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, उसवणारी. शिवणारी. पुढं जिथं भाषणाला जातील तिथं हेच सांगायचे. माझं नाव घ्यायचे की नाही, ते विचारू नको. "आमच्याकडं एक म्हण आहे," असं सुरू करायचे म्हणे.

त्या दिवशी तुतीचं माझ्या डोक्यात बसलं. घरात बोलले. तुझे काका कशालाच नाही म्हणत नाहीत आणि कशालाच हो म्हणत नाहीत. शेताचं बघायचे भाऊजी. विहिरीपासून कापसाच्या बांधापर्यंतचा एक एकर त्यांनी मला दिला, तेही सरांकडं बघून. "वहिनी, अळ्यांच्या दोन बॅच बघू. जमलं तर जमलं. न्हाई जमलं तर तुती उपटायची अन् ऊस लावायचा. मग रडायचं न्हाई." मी हो म्हटलं. चाळीस वर्षं त्या शेतात राबले, पण माझ्या म्हणण्यानं तिथं लावलेलं ते पहिलं झाड, तुतीचं. हे तुझ्या आईलाही मी कधी बोलले नाही.

पहिली बॅच मीच बिघडवली. रेशमाची अळी चार वेळा कात टाकते. कातीच्या वेळी डोकं वर करून निश्चल बसते, खात नाही, हलत नाही, दिवसभर. तेव्हा पाला द्यायचा नसतो. सरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण तू सांग, शेडमधल्या तीन मजली रॅकवर हजारो लेकरं मान वर करून बसलेली, आणि आपण बाई माणूस टोपलीत कवळा पाला घेऊन उभी. कसं बघवेल? मी घातला. ज्या आधी उठल्या त्यांनी खाल्ला, ज्या झोपेत होत्या त्या मागं राहिल्या. पुढं निम्म्या कोष विणायला लागल्या तरी निम्म्या पाला खात बसलेल्या. कोष निघाले ते कमीजास्त, पातळ.

सर म्हणाले, "ताई, त्या उपाशी नसतात. त्या कामात असतात. उसवणारी आणि शिवणारी दोघी आत बसलेल्या आहेत, आणि तुम्ही मध्येच ताट वाढायला जाता."

भाऊजी एवढंच म्हणाले, "एक झाली."

दुसऱ्या बॅचला सर स्वतः शेडच्या दारात खुर्ची टाकून बसले. कशाला, तर माझ्यावर पहारा. तिसरी कात सुरेख पडली. सगळ्या एकसारख्या, दुधासारख्या. मी आत जायला लागले की टोपली हुंगायचे. "हात दाखवा, ताई." मी आपली दोन्ही हात पुढं करायची, शाळेतल्या पोरीसारखी. तुझे काका लांबून हसायचे.

त्याच दिवसांत कापसाला अळी पडली. भाऊजी संध्याकाळी सरांकडं आले. "सर, आसं औषध सांगा का अळी मरंल, पण बैलाला, माणसाला काय व्हनार न्हाई. गेल्या साली फवारताना गड्याला चक्कर आलती."

मी चहा घेऊन गेले होते, म्हणून ऐकलं. सर एकदम फुलले. त्यांचा विषय निघाला की त्यांचा शर्टसुद्धा इस्त्री केल्यासारखा दिसायचा. म्हणाले, "आहे. एक प्रकार आहे, तो विष म्हणून मारत नाही. तो फक्त शिवणारीचे हात बांधतो. अळी जुनं कवच टाकायला जाते आणि नवं तयारच नसतं. बैलाच्या अंगावर ते कापड नाही, तुमच्या अंगावर नाही. बिनधास्त फवारा." चिठ्ठी लिहून दिली. भाऊजींनी दोन दिवसांनी फवारलं. मला आठवतं, त्या दिवशी वारं सुटलं होतं.

तुला आताच कळलं ना? मला नव्हतं कळलं बघ. मला तर मेला माझाच गुन्हा खात होता.

कारण चौथ्या कातीला मी परत घातला. हो. सर दुपारी जेवायला गेले तेवढ्यात. वरच्या रॅकवर चार-पाच अळ्या आधीच उठून तोंड हलवत होत्या. म्हटलं, एवढ्या चार-पाचांनाच. मूठभर पाला कुस्करून त्यांच्यापुढं टाकला आणि हात पदराला पुसून बाहेर आले. सर आले, हात बघितले, मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये गेले तर काय, अळ्यांची जुनी कात डोक्यापासून सरकलेली, पण मागं शेपटाला तशीच अडकलेली, ओल्या झंपरची बाही कोपराला अडकावी तशी. आणि निघाली तिथं आतलं कातडं इतकं पातळ, की पाल्याचा काठ लागला तरी काळं पाणी यायचं. वरचा रॅक सगळा तसा. मधलाही तसाच. फक्त सगळ्यात खालच्या रॅकवरच्या अळ्या स्वच्छ कात टाकून भूक भूक करत होत्या.

जाऊ दारात आली, बघितलं, आणि म्हणाली, "आक्काला कुनी उपाशी बघवत न्हाई. घातलं आसंल परत मूठभर."

खोटं असतं तर भांडले असते.

सर आले. भिंग काढलं. एक अळी बघितली, दुसरी बघितली. मग खाली वाकून खालच्या रॅकची बघितली. मला विचारलं, "पाला कुठला होता?"

"वरच्या दोन्हीला कापसाच्या बांधाकडचा. कवळा होता. खालच्याला यांनी विहिरीकडचा आणला."

त्यांनी भिंग खिशात ठेवलं आणि खोलीत गेले. दार लावून घेतलं. मी म्हटलं, झालं. माझ्यावर रुसले. पहारा दिला, आणि मी त्यांची पाठ वळताच घातलं. संध्याकाळी चहा नेला, दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी चहा परत आला, नुसता गार. खालच्या रॅकला मी आणि तुझे काका पाला घालत होतो, पण एकमेकांशी बोलत नव्हतो. भाऊजी मात्र फोनवर बोलत होते. ट्रॅक्टरवाल्याशी.

तिसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर बांधाला येऊन उभा राहिला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ठरलं व्हतं." मी म्हटलं, "ठरलं होतं." आणि तुतीकडं पाठ करून उभी राहिले. बघायचं नव्हतं.

म्हणून मला आधी दिसले ते सर. विहिरीच्या वाटेनं येत होते, दोन दिवस दाढी न केलेले, चप्पल एका पायाची वेगळी आणि दुसऱ्याची वेगळी. येऊन ट्रॅक्टरच्या पुढं उभे राहिले.

"थांबा," म्हणाले. "या अळ्या ताईंनी मारलेल्या नाहीत."

भाऊजी म्हणाले, "मग कुनी मारल्या?"

"मी."

ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं.

"कपाशीच्या अळीचं जे कापड, तेच रेशमाच्या अळीचं. ते औषध मी लिहून दिलं. वाऱ्यानं बांध ओलांडून तुतीवर बसलं. अळ्यांनी तो पाला खाल्ला, उसवणारीनं आपलं काम केलं, शिवणारीचे हात मी बांधले होते." मग म्हणाले, "तुम्ही बैलाचं विचारलंत, मी बैलाचं सांगितलं. तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवलं, आणि बांधापलीकडं काय आहे ते बघितलं नाही. माझं चुकलं."

तो शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडताना बघवत नव्हता गं. अडकत अडकत आला.

मला राहवलं नाही. "पण सर," मी म्हटलं, "मी घातलता. वरच्या रॅकला. मूठभर. तुम्ही जेवायला गेलतात तवा."

सर माझ्याकडं वळले. "मधल्या रॅकला घातलात?"

"न्हाई. वरच्यालाच."

"मधल्याला पाला कुठला होता?"

"कापसाकडचाच."

"मधला वाचला का?"

मी मान हलवली. नाही.

"मग झालं," म्हणाले. "मूठभर पाल्यानं अळ्या मागंपुढं होतात, ताई. मरत नाहीत. तुमची चूक मुठीएवढीच होती." आणि लगेच, जुन्या सवयीनं, "पण घातलात कशाला? मी हात बघितले होते."

"पदराला पुसले."

"हां," म्हणाले. "पदर बघायला पाहिजे होता."

भाऊजी कितीतरी वेळ बांधावरचं ढेकूळ पायानं फोडत होते. मग म्हणाले, "सर, तुमी न सांगता बी चाललं आसतं. आमी तर वहिनीवरच धरलं व्हतं."

"हो," सर म्हणाले. "म्हणूनच आलो."

भाऊजींनी तुतीकडं बघितलं, कापसाकडं बघितलं, आणि ट्रॅक्टरवाल्याला म्हणाले, "आलायस तर तिकडचं पडीक मोडून दे बे. रिकामा कशाला जातू." तेवढंच. पण संध्याकाळी जाऊनं माझ्या ताटात न विचारता दुसरी भाकरी वाढली, तेव्हा मला कळलं घरात काय ठरलंय ते.

दुसऱ्या दिवशी सर नव्या शर्टात. निळा, लेकीनं पाठवलेला, घडीच्या रेघा तशाच. कॉलर मानेला टोचत होती, सारखी बोटानं ओढत होते. मी म्हटलं, "आज काय विशेष?" पायात चप्पल सारून निघून गेले. दुपारी शेतात गेले तर कापसाच्या बांधावर हात हात अंतरानं काठ्या रोवलेल्या, आणि प्रत्येक काठीला विटकरी चौकड्यांची एकेक चिंधी. फवारणाऱ्याला लांबून दिसावं, इथं पलीकडं तुती आहे म्हणून. माझ्याच कात्रीनं फाडलं होतं, आणि कात्री बोथट करून ठेवली होती, ती गोष्ट वेगळी.

मी म्हटलं, "सर, हा अजून बसत होता की."

"हो ना," म्हणाले. तेवढंच. आणि परत कॉलर ओढली.

आता आमच्या शिवारात ती रीतच पडली बघ. ज्याची तुती, त्याच्या बांधाला विटकरी चिंधी. फवारणीच्या आधी शेजाऱ्याला हाक मारायची, वारं बघायचं. नव्या सुनाही बाजारात कापड घेताना म्हणतात, "त्या रंगाचं नको, ते बांधाचं हाय." सर गावभर, प्रत्येक ओट्यावर जाऊन आपली चूक सांगून आले. आधी एकही चूक कबूल न करणारा माणूस, मग असा सुटला की विचारू नको. चहात मीठ पडलं की कप लांब सारून मोठ्यानं, "ताई, माझं चुकलं." दार उघडं राहिलं, माझं चुकलं. पाऊस आला नाही, तरी माझं चुकलं. शेवटी मीच म्हटलं, "सर, पाऊस तरी सोडा."

खालच्या रॅकच्या अळ्यांनी कोष विणले. थोडेच, पण घट्ट. त्यातला एक माझ्या देव्हाऱ्यात आहे. त्यानंतर किती बॅच झाल्या ते मी मोजायचं सोडलं. तुती अजून आहे. विहिरीपासून बांधापर्यंत.

मागच्या वर्षी लेक येऊन सरांना माजलगावला घेऊन गेली. गुडघे गेले होते, डोळे गेले होते. जाताना ट्रंक नेली, डबे ठेवून गेले. "ताई, तुमच्याकडं सुरक्षित राहतील," म्हणाले. आता कुणी पेढे घेऊन आलं की मीच आधी डबा हलवून बघते. बॅच सुरू झाली की त्यांना कळवावं लागतं, आणि चौथ्या कातीच्या दिवशी त्यांचा फोन येतोच. बसायलाही लेकीचा हात लागतो, पण आवाज तसाच. "हात दाखवा, ताई," म्हणतात. मी फोनपुढं दोन्ही हात धरते. त्यांना दिसत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक असतं. मग म्हणतात, "आता पदर."

तर हे तुझे वेडे. परत फोनवर तसं म्हणालीस तर माझ्याशी गाठ आहे.

परवा चॉकीची अळी, म्हणजे दोन काती टाकलेली बाळअळी, आणलीये. पुढच्या आठवड्याच्या शेवटी चौथी कात बसेल. तेव्हा ये. बसनं पाटोद्याला उतरलीस की काकांना फोन कर, ते गाडी घेऊन येतील. शेडच्या दारात खुर्ची मांडून ठेवलीये, पहाऱ्याला कुणीच नाही, आणि माझा मला भरवसा नाही. सुकट आणलीये, भाकरी गरम वाढीन, तुला हवी तेवढी. शेडमध्ये मात्र मला मूठभरसुद्धा वाढू देऊ नकोस.